टेलिफोनजवळ बसलेला पाळक : रेव्हरंड चॅड व्हारा

बडोदे स्टेशनातून बाहेर पडून सयाजीगंजच्या रस्त्याला लागले की दिवसाच्या कोणत्याही वेळी तरुण मुलामुलींची गर्दी दिसते. विद्यापीठ जवळ, वसतिगृहे जवळ, शिकवणीचे वर्ग आणि खाणावळी तर पावलोपावली. कोणी खानदेशातून आलेला, कोणी नगर जिल्ह्यातून, कोणी डांगच्या बाजूचा. काही वर्षांपूर्वी ह्याच रस्त्यावर पिवळ्या पाट्यांची टेलिफोनची दुकाने होती. रात्री दर उतरला की गावी फोन लावण्यासाठी ही मुले रांगेत उभी राहत. आता ती दुकाने गेली, आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा फोन आला. परंतु ज्याला फोन करून मन मोकळे करावे असे माणूस प्रत्येकाला मिळाले आहे काय, असा प्रश्न ह्या रस्त्याने जाताना आमच्या मनात वारंवार येतो.

ह्या प्रश्नामागे आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. एका रविवारी उपासना संपल्यावर एक विद्यार्थी आमच्यापाशी आला. परीक्षेत तो नापास झाला होता, आणि घरी त्याने ते सांगितले नव्हते. तो दोनचार वाक्ये बोलला नाही तोच आम्ही त्याला शास्त्रातील एक वचन ऐकविले, खांद्यावर हात ठेवून लहानशी प्रार्थना केली, आणि आता नेटाने अभ्यास कर असे सांगून पुढच्या माणसाकडे वळलो. आपले कर्तव्य आपण नीट केले असेच आम्हांला त्या वेळी वाटले. त्या मुलाचे पुढे काय झाले ते आम्ही लेखाच्या शेवटी सांगू. त्या प्रसंगानंतर एका पाळकाचे चरित्र आमच्या हाती आले, आणि त्याने आम्हांला फार अंतर्मुख केले. ते चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ह्या पाळकाचे नाव रेव्हरंड चॅड व्हारा. संकटात सापडलेल्या माणसाने टेलिफोन उचलावा आणि पलीकडे एखाद्या साध्यासुध्या स्वयंसेवकाने त्याचे ऐकून घ्यावे, ही सेवा त्यांनी 1953 साली लंडन शहरात सुरू केली. आज जगाच्या अनेक देशांत अशा सेवा चालतात, आणि त्यांपैकी पुष्कळांचे मूळ ह्या एका पाळकाच्या टेबलावरील काळ्या टेलिफोनात आहे.

बालपण आणि दीक्षा

चॅड व्हारा ह्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1911 रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात, हंबर नदीच्या काठी असलेल्या बार्टन गावी झाला. त्यांचे वडील त्या गावचे पाळक होते. घरात नऊ भावंडे, आणि चॅड त्यांतील सर्वांत थोरले. सातव्या शतकात त्या भागात सुवार्तेचे काम केलेल्या संत चॅड ह्यांच्या नावावरून मुलाचे नाव ठेवले होते. पुढे ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, आणि नंतर लिंकन येथील ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी पाळकपणाची तयारी केली. 1935 साली त्यांना दीक्षा मिळाली आणि लिंकन शहरातील एका मंडळीत साहाय्यक पाळक म्हणून ते रुजू झाले.

नव्या पाळकाला पहिल्या काही दिवसांत जे करावे लागते ते त्याच्या मनावर कायमचे कोरले जाते. व्हारा ह्यांच्या वाट्याला पहिलाच दफनविधी आला तो एका कोवळ्या मुलीचा. ती सुमारे चौदा वर्षांची होती, आणि तिने आपल्या हाताने आपले जीवन संपविले होते. कारण काय, तर तिला पाळी सुरू झाली होती. हे निसर्गाचेच देणे आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग झाला आहे अशी तिची समजूत झाली, आणि हे विचारावे तरी कोणाला, हे तिला कळेना. घरात माणसे होती, शेजारी होते, चर्च होते. परंतु विचारता येईल असे एकही माणूस तिला दिसले नाही.

त्या कबरेपाशी उभे असताना तरुण पाळकाने मनाशी एक निश्चय केला. जे प्रश्न विचारावयास मुले लाजतात, त्यांची उत्तरे आपण सरळ आणि स्वच्छ शब्दांत द्यावयाची. त्याप्रमाणे त्यांनी तरुणांना आणि विवाह करू पाहणाऱ्या जोडप्यांना शरीरधर्माविषयी शिकविण्यास सुरुवात केली. त्या काळी हे धाडसच होते. कित्येकांनी नाके मुरडली, पाळकाने असले विषय काढावेत काय असे म्हटले. परंतु ज्यांना त्यांच्याकडून धीर मिळाला ते दुसऱ्यांना घेऊन येत गेले.

चर्चचा जुना कठोरपणा

येथे थोडे थांबून एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. आत्महत्या केलेल्या माणसाशी ख्रिस्ती समाज अनेक शतके फार कठोरपणे वागला. चर्च ऑफ इंग्लंडच्या 1662 सालच्या प्रार्थनापुस्तकातच अशी सूचना होती की, स्वतःवर हात चालविलेल्या माणसासाठी दफनविधीची उपासना वापरू नये. 1823 साली झालेल्या कायद्याने अशा माणसाला चर्चच्या आवारात पुरण्याची मोकळीक दिली, पण ती रात्री, आणि विधीवाचून. ही रात्रीची अट 1882 साली गेली. इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न करणे हा 1961 सालापर्यंत गुन्हा होता. म्हणजे व्हारा ह्यांनी आपली सेवा सुरू केली त्या दिवसांत जीव वाचलेल्या माणसापुढे पोलीस येऊन उभे राहण्याची भीती असे. असा माणूस मदत मागण्यास कोणाकडे जाणार? पोलिसांकडे जाता येत नव्हते, आणि पाळकाकडे जाण्याचे धैर्य होत नव्हते.

आपल्या मंडळ्यांतूनही ह्याची छाया पुरती गेलेली नाही. अशा घरी दुःखाचा प्रसंग आला की सांत्वनाला जाणारे लोक कुजबुजतात, आणि आईबाप मान खाली घालून बसतात. त्यांच्या दुःखावर आपण लाजेचे ओझे ठेवतो.

लंडनचे चर्च आणि एक धुळकट टेलिफोन

लिंकननंतर व्हारा ह्यांनी पटनी, बॅरो, ब्लॅकबर्न आणि लंडनमधील क्लॅपहम जंक्शन अशा ठिकाणी सेवा केली. 1940 साली त्यांचा विवाह सुझन ह्यांच्याशी झाला. त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी झाली. मुलांपैकी तिघे एकाच वेळी जन्मलेले. सुझनबाई स्वतःही चर्चच्या कामात पुढे होत्या आणि 1970 ते 1976 ह्या काळात मदर्स युनियनच्या जागतिक अध्यक्षा होत्या. पाळकाच्या तुटपुंज्या मिळकतीत एवढे कुटुंब चालविणे कठीण. म्हणून व्हारा रात्री जागून मुलांच्या ईगल नावाच्या चित्रकथांच्या साप्ताहिकासाठी लेखन करीत. अंतराळातील धाडसांच्या गोष्टी लिहिणारा पाळक, असे हे जरा निराळेच व्यक्तिमत्त्व होते.

1952 च्या सुमारास पिक्चर पोस्ट ह्या तेव्हाच्या फार खपाच्या साप्ताहिकात त्यांनी विवाह आणि शरीरसंबंधांविषयी मोकळेपणाने लिहिले. त्यावर वाचकांची ढीगभर पत्रे आली. ती वाचताना त्यांना दिसले की, पत्र लिहिणाऱ्यांपैकी काही जण जगण्यालाच कंटाळले आहेत. त्याच सुमारास लंडन परिसरात दररोज सरासरी तीन माणसे आत्महत्या करतात असे त्यांच्या वाचनात आले. तेव्हा त्यांच्या मनात एक साधा विचार आला. घराला आग लागली किंवा चोर शिरला तर फोन करावयास 999 हा क्रमांक लंडनमध्ये 1937 पासून होता. परंतु ज्याच्या मनालाच आग लागली आहे, त्याने कोणता क्रमांक फिरवावा?

हे काम आपल्याला करता आले तर करावे असे त्यांना वाटे. परंतु मोठ्या वस्तीतल्या पाळकाला त्यासाठी वेळ कोठला? अशातच लंडनच्या जुन्या शहरातील सेंट स्टीफन वॉलब्रुक ह्या चर्चला रेक्टर हवा असल्याचे त्यांना कळले. सर क्रिस्टोफर रेन ह्या प्रसिद्ध स्थापत्यकाराने सतराव्या शतकात बांधलेले हे घुमटाचे सुंदर चर्च. भोवती पेढ्या आणि कचेऱ्या; राहती वस्ती जवळजवळ नाहीच. संध्याकाळी कारकून घरी गेले की सारा भाग ओस पडे. अशा मंडळीत पाळकाला घरोघर भेटी देण्याचे काम फारसे नव्हते. व्हारा ह्यांनी निवड करणाऱ्यांना आपली कल्पना मोकळेपणाने सांगितली, आणि 1953 साली त्यांची तेथे नेमणूक झाली.

आता टेलिफोनचा क्रमांक लक्षात राहण्याजोगा हवा होता. त्या भागाच्या टेलिफोन केंद्राचे नाव मॅन्शन हाऊस. तेव्हा मॅन्शन हाऊस 9000 असा क्रमांक मिळाल्यास बरे, कारण त्यात 999 ची आठवण राहते, असे त्यांनी मनात योजिले. आपल्या चर्चचा क्रमांक बदलून मिळेल काय हे विचारण्यासाठी त्यांनी फोन उचलला. ऑपरेटरने त्यांना विचारले की, आपण आता कोणत्या क्रमांकावरून बोलत आहात. व्हारा ह्यांनी यंत्रावरची धूळ पुसून पाहिले, तो तेथे 9000 हाच क्रमांक लिहिलेला होता! ही हकीकत ते स्वतः पुढे आनंदाने सांगत असत. ज्याला जो अर्थ घ्यावयाचा तो घ्यावा. आम्हांला मात्र त्या धुळीचेच फार वाटते. योग्य क्रमांक त्या चर्चपाशी आधीपासून होता. तो कोणी वापरलेला नव्हता, एवढेच.

2 नोव्हेंबर 1953 रोजी त्या टेलिफोनवर ह्या सेवेचा पहिला फोन आला. आरंभी पाळक आणि त्यांच्या चिटणीसबाई एवढीच माणसे काम पाहत. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि 7 डिसेंबरच्या डेली मिरर पत्राने मथळ्यात ह्या सेवेला चांगल्या शोमरोन्याचे नाव दिले. ते नाव कायमचे चिकटले. समॅरिटन्स, म्हणजे शोमरोनी, हे नाव पाळकाने ठेवले नाही, चर्चनेही ठेवले नाही. वर्तमानपत्राने ठेवले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

चहा देणाऱ्यांनी केलेले काम

आता आम्ही ह्या चरित्रातील मुख्य गोष्टीकडे येतो. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ती विशेष ध्यानात घ्यावी अशी आमची विनंती आहे.

बातम्या छापून आल्यावर फोन तर वाजू लागलेच, पण कित्येक लोक प्रत्यक्ष चर्चमध्ये येऊ लागले. पाळक एकटा, आणि भेटावयास येणारे पुष्कळ. काही सज्जन स्त्रीपुरुषांनी मदतीसाठी आपण होऊन नावे दिली. त्यांना काम तरी काय द्यावयाचे? त्यांच्यापाशी मानसशास्त्राचे शिक्षण नव्हते, ईश्वरविज्ञानाचे नव्हते. म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत बसावे, वाट पाहणाऱ्यांना चहा-कॉफी द्यावी, निरोप घ्यावेत, असे ठरले.

काही आठवड्यांत व्हारा ह्यांच्या लक्षात एक चमत्कारिक गोष्ट आली. बाहेर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण आत येतच नव्हते. चहाचा पेला हातात घेऊन ते त्या साध्या माणसांशी बोलत. तो स्वयंसेवक मधे बोलत नसे, कारण आपल्याला सांगण्यासारखे काही येत नाही असेच त्याला वाटे. तो केवळ ऐके. आणि तासाभराने तो मनुष्य डोळे पुसून उठे, पाळकांना भेटण्याची आता गरज राहिली नाही असे सांगून घरी जाई. जे आत येत, त्यांतील काहींना भेटीनंतरही बाहेरच्या खोलीतल्या माणसाकडेच परत जावेसे वाटे.

एखाद्या दुसऱ्या पाळकाला ह्यात आपला कमीपणा वाटला असता. व्हारा ह्यांना मात्र त्यात सेवेची किल्ली सापडली. फेब्रुवारी 1954 मध्ये त्यांनी स्वयंसेवकांना एकत्र बोलावून टेलिफोन त्यांच्या स्वाधीन केला. यापुढे फोन उचलण्याचे आणि येणाऱ्याला भेटण्याचे काम स्वयंसेवकांनी करावयाचे. पाळकाने स्वयंसेवक निवडावयाचे, त्यांना तयार करावयाचे, आणि ज्याला डॉक्टरची किंवा अन्य तज्ज्ञाची गरज असेल त्याची व्यवस्था पाहावयाची. ह्या कामाला त्यांनी उपचार म्हटले नाही, उपदेश म्हटले नाही. मैत्री देणे, असेच त्याचे नाव ठेवले.

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दाखला आपण मुलांना किती वेळा शिकविला असेल! त्यातील शोमरोनी जखमा बांधतो, तेल व द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवितो. परंतु एक बारीक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. सर्व सेवा तो एकटा करीत नाही. दुसऱ्या दिवशी तो त्या जखमी माणसाला उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती सोपवितो, खर्चाला पैसे देतो, आणि आपल्या वाटेला लागतो. त्या रक्षकाचे नाव कोणी घेत नाही. पण पुढचे दिवस जखमीच्या उशापाशी बसला तो तोच. व्हारा ह्यांनी अशा अनामिक रक्षकांची एक फौजच उभी केली.

सेवेचे नियम

ह्या सेवेचे नियम थोडे आणि कडक होते. फोन करणाऱ्याने नाव सांगितलेच पाहिजे असे नाही. तो जे सांगेल ते बाहेर जाणार नाही. स्वयंसेवकाने त्याला दोष देऊ नये, घाईने सल्ला देऊ नये, त्याचा निर्णय आपण करू नये. दिवस असो की रात्र, टेलिफोनजवळ कोणीतरी असलेच पाहिजे. स्वयंसेवक पाळी लावून रात्री जागत. त्यांत कारकून होते, गृहिणी होत्या, व्यापारी होते, निवृत्त माणसे होती. दुःखी माणसाशी बोलताना त्यांनी एक प्रश्न सरळ विचारावा असे शिकविले जाई : जीव द्यावा असे तुमच्या मनात येते काय? असा प्रश्न विचारल्याने नसता विचार मनात भरेल अशी आपल्याला धास्ती वाटते. परंतु अनुभव आणि पुढचे संशोधन ह्या दोहोंवरून दिसून आले आहे की तसे होत नाही. उलट कोणीतरी हा शब्द उच्चारला म्हणून माणसाच्या छातीवरचा दगड थोडा हलतो.

आणखी एक नियम होता, तो आमच्यासारख्यांना खटकणारा. स्वयंसेवक ख्रिस्ती असो वा नसो, त्याने टेलिफोनवर धर्मोपदेश करावयाचा नाही. फोन करणाऱ्याने स्वतः होऊन देवाविषयी विचारले, पाळकाला भेटावयाचे म्हटले, तर गोष्ट वेगळी. प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हे मुळीच पटले नाही. चर्चच्या घुमटाखाली सुरू झालेल्या सेवेत सुवार्तेला मनाई! परंतु व्हारा ह्यांचे म्हणणे असे होते की, शेवटच्या टोकाला आलेला माणूस फार भेदरलेला असतो. समोरच्याला आपल्याकडून काही हवे आहे, आपल्याला कोठे तरी वळवावयाचे आहे, अशी नुसती शंका आली तरी तो फोन खाली ठेवतो, आणि तो पुन्हा उचलील याची खात्री नसते.

ह्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. दाखल्यातला शोमरोनीदेखील त्या जखमी माणसाला, उपासना गरिज्जीम डोंगरावर करावी की यरुशलेमेत, हे विचारीत बसला नाही. आणि आम्ही त्या विद्यार्थ्याला ऐकविलेले वचन खरे असूनही त्याच्या कानापर्यंत पोचले नव्हते, कारण त्याचे बोलणेच अजून संपले नव्हते. वचनाचा दोष नव्हता. ते आम्ही दार बंद करण्यासाठी वापरले, हा दोष होता. साक्ष देण्याचे आपले कर्तव्य सुटत नाही. परंतु ऐकून घेणे हीदेखील साक्षच आहे, आणि कित्येकदा ती पहिली द्यावी लागते.

सेवेचा विस्तार

1959 साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे शाखा निघाली, आणि मग गावोगावी शाखा होत गेल्या. पुढे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये शाखांची संख्या दोनशेपर्यंत, आणि स्वयंसेवकांची वीस हजारांपर्यंत पोचली. इतर देशांतील अशा संस्थांना जोडण्यासाठी 1974 साली बिफ्रेंडर्स इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली, तिच्यामागेही व्हारा हेच होते. आपल्या देशात चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी 1986 साली स्थापन केलेली स्नेहा ही संस्था, मुंबईतील समॅरिटन्स आणि पुण्यातील कनेक्टिंग ह्या संस्था स्वयंसेवकांच्या बळावर हेच काम करीत आल्या आहेत. संकटातील बालकांसाठीचा 1098 हा क्रमांकही 1996 साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाला.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदी परकी होती असेही नाही. 1863 साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी येथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा घेऊन जावे, अशी पत्रके त्यांनी लावली. तेव्हा टेलिफोन नव्हता. भिंतीवरचा कागद होता. पण नाव न विचारता दार उघडणे, आणि समाज काय म्हणेल ह्याची पर्वा न करणे, हे दोन्हीकडे सारखेच.

उत्तर आयुष्य

व्हारा सेंट स्टीफन चर्चचे रेक्टर म्हणून पन्नास वर्षे राहिले. 2003 साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, ते निवृत्त झाले. राणीने त्यांना अनेक सन्मान दिले. 2000 साली कंपॅनियन ऑफ ऑनर हा मोठा किताबही मिळाला. उतारवयातही ते स्वस्थ बसले नाहीत. लहान मुलींच्या अवयवांवर केल्या जाणाऱ्या क्रूर शस्त्रक्रियेविरुद्ध पुरुषांनीच उभे राहावे म्हणून 1992 साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी चळवळ काढली. लिंकनच्या त्या मुलीला ते विसरले नव्हते, हेच ह्यावरून दिसते.

ते सर्व बाबतींत आदर्श होते असे आम्ही म्हणणार नाही. स्वभाव फटकळ होता, आणि आपलेच खरे करण्याची सवय होती. पुनर्जन्मावर त्यांचा विश्वास होता, तो आपल्या मंडळ्यांना पटण्यासारखा नाही. अखेरच्या वर्षांत त्यांनी स्थापन केलेली संस्थाच मूळ हेतूपासून दूर गेली असे त्यांना वाटू लागले, आणि ते त्यांनी उघडपणे बोलून दाखविले. ज्याने टेलिफोन इतक्या सहजपणे दुसऱ्यांच्या हाती दिला, त्याला संस्था दुसऱ्यांच्या हाती गेलेली पाहणे मात्र जड गेले. मनुष्यस्वभावच हा. देव अशाच अपूर्ण भांड्यांतून पाणी पाजतो.

1993 साली सुझनबाई वारल्या. 8 नोव्हेंबर 2007 रोजी, शहाण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले असताना, रेव्हरंड व्हारा प्रभुवासी झाले. त्यांचा तो जुना काळा टेलिफोन सेंट स्टीफन चर्चमध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवलेला आहे.

आपण काय करावे?

आपल्या देशात 2022 ह्या एका वर्षात 1 लाख 70 हजारांहून अधिक माणसांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत 13 हजारांहून अधिक विद्यार्थी होते. हे आकडे वाचून पान उलटू नये. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे.

कायदा आता दयाळू झाला आहे. 2017 सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने असे ठरविले की, जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली आहे असेच धरावयाचे, आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावयाची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने 309 कलम ठेवलेले नाही. सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक 14416. फोनला पैसे पडत नाहीत, तो दिवसरात्र चालतो, आणि मराठी व गुजरातीसह अनेक भाषांत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर आणि शब्बाथ शाळेच्या वर्गात लिहून ठेवावा.

परंतु क्रमांक लिहिला म्हणजे आपले काम संपले असे नाही. वर्गातील एखादे मूल एकाएकी गप्प झाले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, मी नसतो तर बरे झाले असते असे बोलू लागले, तर त्याला रागावू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. बाजूला बसवून त्याचे ऐकावे. त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना विश्वासात घ्यावे, आणि डॉक्टरांकडे नेण्यास संकोच करू नये. ताप आलेल्या मुलासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि औषधही देतो; मनाच्या दुखण्याला निराळा न्याय लावण्याचे कारण नाही.

आता त्या विद्यार्थ्याविषयी सांगतो. आमच्यापाशी बोलून तो चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसला होता. आमच्या मंडळीत एक वृद्ध बाई आहेत. त्या कधी सभेत बोलत नाहीत, कोणत्या कमिटीवर नाहीत. त्यांनी त्याला पाहिले आणि चहाला घरी नेले. त्याने सांगितले तेवढे ऐकले, सांगितले नाही ते विचारले नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवावयास ये म्हणून बजावले. असे तीन आठवडे चालले. मग त्यानेच त्यांना बरोबर बसवून आपल्या आईला फोन लावला, आणि खरे काय ते सांगितले. त्या रविवारी आपण कोणत्या विचाराने चर्चमध्ये आलो होतो, हे त्याने आम्हांला पुष्कळ दिवसांनी सांगितले. ते ऐकून आमचे पाय लटपटले.

त्या बाईंना आम्ही चॅड व्हारा ह्यांची ही हकीकत वाचून दाखविली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्या गृहस्थांना लंडनमध्ये मोठी संस्था काढावी लागली ह्याचेच त्यांना नवल वाटले. आम्हांला मात्र वाटते, अशा बाई प्रत्येक मंडळीत असतात. त्यांच्याकडे पाहण्याचे, आणि त्यांच्याकडून शिकण्याचे, तेवढे आपल्याकडून राहून जाते.